बत्तीस खुंट्यांचा बाक

बेटवाले हे त्यांचं आडनाव नव्हतं. पण इमारतीत ते इतकं रुळलं होतं की एकदा खऱ्या आडनावाने आलेलं पत्र 'असे कोणी येथे राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत गेलं. पोस्टमनला तसं सांगणारे गृहस्थ म्हणजे पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. ते बावीस वर्षं बेटवाल्यांच्या समोरच्या दारात राहत होते; दवाखानाही तिथंच.

हे नाव पडलं ते सात पुस्तकांमुळे. मागच्या महायुद्धात कुठल्याशा समुद्रातल्या एका बेटावर एकोणीस दिवस लढाई झाली होती. बेट एवढंसं की सकाळी एका टोकाहून निघालेला माणूस जेवायच्या वेळेला दुसऱ्या टोकाला पोचावा. त्या एकोणीस दिवसांचे सात इतिहास बेटवाल्यांच्या कपाटात होते आणि ते एकतीस वर्षं वाचत होते. तरीही कोणी विचारलं, "मग नेमकं काय झालं हो तिथं?" तर ते जरा विचार करत आणि म्हणत, "तसं निश्चित सांगता येणार नाही." त्यामुळे पुन्हा कोणी विचारत नसे.

असा माणूस हातात हातोडी घेईल असं कोणाला वाटलं नव्हतं. बेटवाल्यांना तर नव्हतंच नव्हतं.

सुरुवात झाली ती बायकोच्या गुडघ्यापासून. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज दोन वेळा जिना उतरा, आवारात फिरा, मध्ये पाच मिनिटं बसा, पुन्हा फिरा. काकूंना उतरणं जमलं, फिरणंही जमलं. बसायचं कुठं हा प्रश्न होता. आवारात पूर्वी एक लोखंडी बाक होता, पण तो गंजत गंजत एके दिवशी सेक्रेटरींना घेऊनच खाली बसला आणि कमिटीने तो त्याच आठवड्यात हलवला. आता काकू जिन्यापासून फाटकापर्यंत जायच्या, फाटकाला धरून उभ्या राहायच्या आणि परत यायच्या. चौथ्या दिवशी वर येऊन म्हणाल्या, "फाटकाला धरून उभी राहिले की येणारा-जाणारा विचारतो, कोणाची वाट बघताय म्हणून. मी काही आता खाली जायची नाही."

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. मुलगी दुसऱ्या शहरात, नव्या इमारतीत राहत होती.

"आई, तू सरळ माझ्याकडे ये. लिफ्ट आहे. खाली बाग आहे, बागेत बाकच बाक आहेत. या नाही, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी गाडी घेऊन येते मी."

"किती दिवसांसाठी?" काकूंनी विचारलं.

"तू आधी ये तर. मग बघू."

हे 'मग बघू' बेटवाल्यांनी जेवणाच्या टेबलावरून ऐकलं आणि त्यांचा घास तोंडातच राहिला. चौतीस वर्षं ते पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात होते. कोणी पान्हा मागायला आला आणि कधी परत करणार या प्रश्नाला 'मग बघू' म्हणाला, तर तो पान्हा पुन्हा दृष्टीस पडत नाही, हे त्यांना कोणी पुस्तकात लिहून द्यायची गरज नव्हती.

खरं तर दोनच शब्द बोलायचे होते, 'जाऊ नकोस'. पण एक्केचाळीस वर्षांच्या संसारात असलं काही बोलायचा प्रसंग आला नव्हता, आणि आला असला तर त्या वेळी ते वाचत असावेत. त्यांनी न्हाणीघरात सराव करून पाहिला. तिथं शब्द उत्तम यायचे, घुमायचेसुद्धा. बाहेर येऊन बायकोसमोर बसलं की मात्र त्यांच्या तोंडून निघायचं, "मीठ दे जरा." तीन दिवसांत त्यांनी इतकं मीठ मागितलं की काकूंनी त्यांचं ब्लडप्रेशर तपासून घेतलं.

चौथ्या दिवशी त्यांनी ठरवलं, बाक करायचा. तो आवारात मधोमध ठेवायचा. बसायला जागा झाली की जायचं कारणच उरत नाही.

आता बाक करायचा म्हटल्यावर शहाणा माणूस सुताराकडे जातो. बेटवालेही गेले, पण जाताना तिसरं पुस्तक काखेत घेऊन गेले. हे तिसरं पुस्तक मोहिमेतल्या एका रसद-अधिकाऱ्याने लिहिलेलं होतं. कधीकाळी भांडारात बसलेला माणूस म्हणून बेटवाल्यांचा त्याच्यावर फार जीव. त्याने पान दोनशे चौदाच्या तळटीपेत म्हटलं होतं की, खिळ्यांनी भरलेलं जहाज चुकून दुसऱ्याच बेटावर गेलं, तेव्हा बोटी लागण्यासाठीचा धक्का नुसत्या लाकडी खुंट्यांवर जोडला. लाकूड ओलं, खुंट्या वाळलेल्या. समुद्राचं पाणी पिऊन खुंट्या फुगल्या आणि धक्का शेवटच्या दिवसापर्यंत हलला नाही.

कोपऱ्यावरच्या सुताराने रंधा थांबवला.

"काका, स्क्रू मारू. दोन तासांत बाक तयार."

"लोखंड नको. मागचा गंजला."

"पितळी मारू."

"खुंट्या लावल्या तर?" बेटवाले इतक्या हळू म्हणाले की सुताराला कानामागची पेन्सिल काढून कान पुढे करावा लागला. मग बेटवाल्यांनी पुस्तक उघडून पुढे धरलं.

"हे सुतारकामाचं आहे?"

"लढाईचं."

"लढाईत बाक केला?"

"धक्का. बोटींसाठी."

"मग, टिकला?"

"टिकला ना. एकोणीस दिवस."

सुताराने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काका, माझा बाक एकोणीस दिवस टिकला तर गिऱ्हाईक मला दुकानात येऊन मारेल."

"लढाईच एकोणीस दिवस होती," बेटवाले घाईघाईने म्हणाले. "धक्का पुढेही असेल. पुस्तक पुढे जात नाही."

सुतार हसला. पण त्याने एक फळी उचलली, ओलसर लाकडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "गोष्ट खोटी नाही म्हणा. आमचे आजोबा असंच करायचे. खुंटी सुकी ठणठणीत, लाकूड जरा ओलं. बाहेर ठेवायच्या वस्तूला हेच चांगलं. पाणी लागलं की खुंटी फुगते, आणि मग जे धरते ते सोडायचं नाव नाही. फळ्या, पाय मी कापून देतो. पण खुंट्या पाडत बसायला मला सवड नाही. त्या तुम्ही पाडा."

"मी?"

"मग काय, तो अधिकारी येणार?"

अशा रीतीने बेटवाले घरी आले ते एक लाकडी हातोडी, चौकोनी काड्यांचा जुडगा आणि भोक पाडलेली एक जाड लोखंडी पट्टी घेऊन. कृती सोपी होती. काडीचे चार कोपरे चाकूने तासायचे, टोक जरा निमुळतं करायचं, पट्टीच्या भोकावर ठेवायचं आणि वरून ठोकायचं. खालून बोटाएवढी गोल खुंटी बाहेर पडते. सुताराच्या दुकानात सुताराने ठोकली तेव्हा ती खरोखरच पडली होती.

बेटवाल्यांनी गॅलरीत स्टूल मांडलं आणि पहिल्या दिवशी अकरा काड्या ठोकल्या. अकराही उभ्या चिरल्या. बारावी चिरली नाही, ती भोकात अडकली, आणि ती काढताना त्यांचा अंगठा अडकला. त्या ठोकाठोकीने वरच्या मजल्यावरच्या दोन फुलझाडांच्या कुंड्या सरकल्या असं वरच्यांचं म्हणणं होतं. त्याला पुरावा नव्हता, पण बेटवाल्यांनी वर जाऊन माफी मागितली. खाली आले तर दारात काकू.

"अहो, काय चाललंय?"

"काही नाही."

"काही नाही, आणि एवढ्या मोठ्याने?"

बेटवाल्यांनी दुखरा अंगठा पाठीमागे लपवला. बाकाबद्दल सांगायचं तर तो कशासाठी हेही सांगावं लागलं असतं, आणि तिथवर पोचण्याआधी त्यांनी बहुधा मीठ मागितलं असतं.

दुसऱ्या दिवशी समोरचे दातांचे डॉक्टर बनियनवरच आले. या डॉक्टरांना कुठल्याही भोकाविषयी मत असे.

"काका, माफ करा, पण सगळं चुकतंय. तुम्ही घाबरत घाबरत मारता. अर्धवट मार बसला की चिरणारच. आमच्याकडे काय करतो आम्ही? आधी पेशंटला सांगतो, जरासं दुखेल. मग मागेपुढे बघत नाही."

"काडीला सांगू?"

"स्वतःला सांगा."

बेटवाल्यांनी मनाशी 'जरासं दुखेल' म्हटलं आणि मारलं. खुंटी सणसणत बाहेर पडली, गॅलरीच्या कठड्यातून गेली आणि खाली सेक्रेटरींच्या स्कूटरच्या आसनावर जाऊन पडली. पण ती चिरली नव्हती. डॉक्टरांनी टाळी वाजवली. त्यानंतरच्या चार दिवसांत बत्तीस खुंट्या झाल्या, आणि पेशंटच्या तोंडात कापूस घालून डॉक्टर मधूनमधून मोजायला येत.

आता त्या वाळवायच्या होत्या. रसद-अधिकाऱ्याने खुंट्या पिठाच्या पोत्यांत पुरून वाळवल्याचं लिहिलं होतं. घरात पोती नव्हती, तांदळाचा डबा होता. बेटवाल्यांनी दुपारी काकू झोपल्यावर खुंट्या डब्यात खोल खुपसल्या. तीन दिवस ठीक गेले. चौथ्या दिवशी काकूंनी पानात भात वाढला आणि त्यांचा हात थांबला.

"अहो, ह्या भातात हाड कुठून आलं?"

खुंटी कुकरमध्ये चांगली शिजली होती. फुगून दीडपट झाली होती. काकूंनी ती बाजूला काढून ठेवली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि डबा ओतून उरलेल्या एकतीस वेचून काढल्या. बेटवाले मात्र आतून सुखावले होते. तळटीप खरी होती, पाणी प्यायली की खुंटी फुगते. त्यांनी बत्तिसावी पुन्हा पाडली.

इकडे सुताराने फळ्या आणि पाय कापून ठेवले होते. आता फक्त सेक्रेटरींची परवानगी हवी होती. हे काम आपल्याला जमेल असं बेटवाल्यांना वाटत होतं, कारण अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा खात्यात कोणी नव्हता. त्यांनी सव्वा पानाचा अर्ज लिहिला. सेक्रेटरींनी तो उभ्यानेच वाचला.

"बाक ही वस्तू आहे की बांधकाम?"

"म्हणजे?"

"हलत असेल तर वस्तू. वस्तूला माझी परवानगी पुरते. हलत नसेल तर बांधकाम. बांधकामाला सर्वसाधारण सभा लागते. सभा तीन महिन्यांनी."

"हलतो," बेटवाले म्हणाले. मग त्यांना वाटलं, हलणाऱ्या बाकाला कोण परवानगी देईल? "म्हणजे हलत नाही. पण सुटा होतो. खिळा नाही एकही. खुंट्या ठोकून बाहेर काढल्या की फळ्या वेगळ्या."

"किती वेळात?"

"पंधरा मिनिटं," बेटवाले बोलून गेले. हा आकडा कुठून आला ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"ठीक. बाक जोडा. शनिवारी अकरा वाजता कमिटीसमोर पंधरा मिनिटांत सुटा करून दाखवा. झाला तर ठेवा, नाही झाला तर बांधकाम."

रविवारी मुलगी येणार होती. म्हणजे हाताशी एक दिवस राखून होता. बेटवाल्यांना बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

आणि नेमकी त्याच दिवशी त्यांनी जी गोष्ट करायला नको होती ती केली. बुधवारी दुपारी मन शांत आहे म्हणून त्यांनी सातवं पुस्तक काढलं. हे त्याच मोहिमेतल्या एका इंजिनियरचं. त्याच्या शेवटी बारीक अक्षरांत एक परिशिष्ट होतं. एकतीस वर्षं ते 'निवांतपणी वाचू' म्हणून राहून गेलं होतं. त्यात एक ओळ होती, 'खुंट्यांचा धक्का तिसऱ्या दिवशी कोसळला.'

कारण दिलेलं नव्हतं. इंजिनियर लोक असेच.

बेटवाल्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. त्यांना डोळ्यांसमोर बाक दिसला, बाकावर काकू दिसल्या, तिसरा दिवस दिसला, आणि त्यापुढे नवा गुडघा. त्यांनी सातही पुस्तकं जमिनीवर पसरली. सरकारी इतिहासाप्रमाणे असा धक्का बांधलाच नव्हता. सेनापतीच्या आठवणींप्रमाणे तो बांधला होता आणि तो सेनापतीनेच बांधला होता. पत्रकाराने त्यावर उभं राहून सूर्यास्त पाहिला होता, पण त्याचा धक्का दगडी होता. शत्रूच्या बाजूच्या इतिहासात तो त्यांच्या तोफांनी उडवला होता. म्हणजे निदान तो होता तरी, आणि उडवावा लागला म्हणजे आपणहून पडला नव्हता. उरलेल्या एका पुस्तकात ते पानच फाटलेलं होतं.

तासभर ते पुस्तकांच्या मधोमध बसून राहिले. एकतीस वर्षं हे लोक भांडत होते आणि ते चवीने ऐकत होते. कोणाचं खरं यावर कुठं काही अडलं नव्हतं. आज पहिल्यांदाच अडलं. अखेर त्यांनी भांडारातल्या माणसाच्या बुद्धीने विचार केला. ज्याने खिळे मागितले आणि ज्याला ते मिळाले नाहीत, तो माणूस त्याऐवजी काय वापरलं हे जन्मात विसरत नाही. बाकीचे विसरतात, कारण त्यांना वस्तू हातात मिळते. रसद-अधिकारी खरा.

असा निर्णय झाला तरी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "तुमचं वजन किती?"

"शहाण्णव. का?"

"काही नाही. गुरुवारी मोकळे आहात का?"

गुरुवारी आवारात जोडणी झाली. सुताराचं गिरमिट डॉक्टरांनी हातात घेतलं आणि सोडलंच नाही. भोकं त्यांनी सुंदर पाडली, सरळ, स्वच्छ, मध्ये मध्ये फुंकर मारून. एकच पायाच्या उलट्या बाजूने पाडलं.

"हे काय?" सुतार म्हणाला.

"चुकून निरोगी पायाला पडलं," डॉक्टर म्हणाले. "हरकत नाही, भरून देऊ." आणि त्यांनी खरोखरच दवाखान्यातून काहीतरी पांढरं आणून ते इतकं बेमालूम भरलं की आजही तो पाय हसल्यासारखा दिसतो.

बत्तीस खुंट्या ठोकून झाल्या. डॉक्टर बसले. उठले, पुन्हा बसले, एकदा उडी मारूनही बसले. बाकाने चकार शब्द काढला नाही. बेटवाल्यांनी एक खुंटी मागून हलकेच ठोकून पाहिली, ती शहाण्यासारखी अर्धा इंच बाहेर आली. त्यांनी ती परत आत ठोकली. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. हीच काळजीची बाब आहे हे सात इतिहास वाचलेल्या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. टाकीचा जादा पाण्याचा नळ नेमका बाकाच्या डोक्यावर होता. पंपाचं बटण सेक्रेटरींच्या घरात. बेटवाल्यांनी गॅलरीतून ते पाणी बाकावर पडताना पाहिलं. दुसरा कोणी असता तर ओरडला असता. बेटवाल्यांनी शर्ट घातला, भांग पाडला, खाली उतरले आणि सेक्रेटरींची बेल एकदाच, थोडीशी वाजवली.

"मी तुमच्याच बाकाचं पत्र लिहितोय," सेक्रेटरी दार उघडून म्हणाले. "मध्ये बोलू नका, वाक्य मोडतं. पाच मिनिटं बसा."

"पंप..."

"पाच मिनिटं म्हटलं ना!"

बेटवाले बसले. समोर सेक्रेटरी 'उपरोक्त बाक सुटा होण्याच्या अटीवर' असं पुटपुटत लिहीत होते आणि बाहेर उपरोक्त बाकावर पाणी कोसळत होतं. पत्र तीन वेळा खाडाखोड करून लिहिलं गेलं. पाच मिनिटांची चाळीस झाली.

शनिवारी अकरा वाजता कमिटी आली. कमिटी म्हणजे सेक्रेटरी, दातांचे डॉक्टर आणि सेक्रेटरी बोलले की मान हलवणारे एक सभासद. सुतार दुकान बंद करून आला होता. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं. "करा सुरू."

बेटवाल्यांनी पहिली खुंटी ठोकली. ती हलली नाही. दुसरी ठोकली. तिसरी ठोकताना त्यांना ऐकू आलं की आवाज बदललाय. आता लाकडावर लाकूड वाजत नव्हतं, एकसंध काहीतरी वाजत होतं.

"द्या इकडे," सुतार म्हणाला आणि त्याने तीन दणके घातले. मग तो मागे झाला आणि कौतुकाने म्हणाला, "काका, खुंट्या कसल्या वाळवल्या होत्या तुम्ही! हा आता शंभर वर्षं निघत नाही."

"अक्कलदाढेसारखं झालंय," डॉक्टर म्हणाले.

"सात मिनिटं झाली," सेक्रेटरी म्हणाले. मग त्यांचा धीर सुटला. त्यांनी स्वतःची हातोडी मागवली, बाह्या सरसावल्या आणि खुंटीवर असा घाव घातला की हातोडीचं डोकं दांड्यावरून निघून गुलाबाच्या वाफ्यात गेलं. आवारात त्या दिवशी सुटी झालेली वस्तू तेवढी एकच.

"बांधकाम," सेक्रेटरी म्हणाले. "बिनपरवाना."

"मग पाडा," डॉक्टर म्हणाले.

"पाडता येत नाही म्हणून तर बांधकाम."

"मग राहू द्या."

"राहू कसं देणार? नियम अकरा. आवारात बेवारस ठेवलेली कोणतीही वस्तू पंपाच्या खोलीत जमा करावी. चौघांनी धरलं तर उचलेल."

"वस्तू? आत्ता तर बांधकाम म्हणालात."

"ठेवताना बांधकाम, उचलताना वस्तू," सेक्रेटरी म्हणाले आणि सभासदांनी मान हलवली.

बेटवाले बाजूला उभे होते. अर्ज करायचा तर कोणाकडे? तीन महिन्यांनी सभा आणि उद्या रविवार. त्यांच्या मनात आलं की रसद-अधिकाऱ्याला निदान समुद्र तरी अनुकूल होता. आपण करायला काय गेलो आणि झालं काय. धड बोलताही येत नाही आणि धड करताही येत नाही. त्यांचा चेहरा असा झाला होता की डॉक्टरांनी चटकन दुसरीकडे पाहिलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबा, दुसरी पायरी, थांबा. काकू कठडा धरून उतरल्या. आवार ओलांडून सावकाश बाकापाशी आल्या. पदराने फळी पुसली आणि बसल्या. पाय लांब केला. मग पाठ टेकली.

"सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "हा बेवारस आहे का?"

सेक्रेटरी घोटाळले. "तुम्ही बसलात तोवर... नाही म्हणता येणार."

"मग मी बसलेय."

"काकू, पण किती वेळ बसणार?"

"तुमची सभा कधी आहे?"

"तीन महिन्यांनी."

"बरं," काकू म्हणाल्या. "अहो, वरून माझा चष्मा आणि पेपर आणा. आणि ह्या सगळ्यांना कामं असतील."

कमिटी पांगली. दुपारच्या जेवणाला काकू वर गेल्या तेव्हा डॉक्टर बाकावर येऊन बसले, आणि दोन पेशंट तिथंच तपासले. चार वाजता सुतार चहाचा पेला घेऊन बसला. वरच्या मजल्यावरच्या, कुंड्या सरकलेल्या बाई भाजी निवडायला खाली आल्या. सेक्रेटरी दिवसभरात पाच वेळा खिडकीत आले आणि पाचही वेळा बाकावर कोणी ना कोणी होतं. दिवेलागणीला ते खिडकी लावून आत गेले, त्यांच्याबरोबर नियमही आत गेला.

रविवारी दहा वाजता मुलीची गाडी फाटकाशी थांबली. ती आईचे कपडे भरायला मोठी रिकामी बॅग घेऊन उतरली. आवारात आई बाकावर बसलेली, मांडीवर पेपर. बाप बाकामागे उभा.

"आई! तयार नाही झालीस? मला दुपारच्या आत निघायचंय."

"मला कुठं येता येतंय गं," काकू म्हणाल्या. "मी उठले की बाक गेला."

"कसला बाक? काय बोलतेस?" मुलीने बापाकडे पाहिलं. "बाबा, हिला जरा सांगा ना तुम्ही."

बेटवाल्यांनी तोंड उघडलं. दोन आठवडे न्हाणीघरात घोटलेले शब्द घशापर्यंत आले. आवारात सगळी इमारत गॅलऱ्यांतून वाकून पाहत होती. डॉक्टर जिन्याच्या दारात हातमोजे घालून थांबले होते. बेटवाल्यांचे कान लाल झाले, ओठ हलले, आवाज काही निघेना.

"त्यांना कशाला विचारतेस?" काकू म्हणाल्या. "दोन आठवडे सांगतायत ते. सकाळ-संध्याकाळ. अख्ख्या इमारतीने ऐकलंय, तूच तेवढी राहिली होतीस."

"काय सांगतायत?"

काकूंनी शेजारच्या फळीवर तळहात दोनदा आपटला. फळी घट्ट वाजली.

मुलीने फळीकडे पाहिलं, मग बापाच्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे. तिने बॅग खाली ठेवली, आईच्या शेजारी बसली आणि पायातल्या चपला काढल्या.